मिलाची लाल रेघ

आमच्या मंडळाच्या यंदाच्या दिवाळी स्मरणिकेत एक विनोदी लेख आहे. लिहिणारा श्रीकांत. तो आणि मी न्यू जर्सीतल्या एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बरीच वर्षं एकत्र होतो. लेखात एक फिलिपिनो बाई आहे. ती कुजवलेल्या मासळीची बरणी कामावर आणते, मायक्रोवेव्हमध्ये गरम करते आणि अख्खी लॅब नाक धरून पार्किंग लॉटमध्ये पळते. शेवटी बाईला लेखी समज मिळते आणि 'लॅब मोकळा श्वास घेते'. दिवाळीच्या कार्यक्रमात श्रीकांतने हा लेख वाचूनही दाखवला. वाचतो छान. लोक खूप हसले. माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे पुसत होते. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि सवयीने थोडा हसलोही.

ही गोष्ट श्रीकांत गेली वीस वर्षं सांगतो आहे. पिकनिकला सांगितली, कोजागिरीला सांगितली. दर वेळी तो माझ्याकडे बघून म्हणतो, "काकांना विचारा, काका साक्षीदार आहेत." मी मान हलवतो. आता ती छापली गेली, आणि जिच्याबद्दल ती आहे ती बाई गेल्या उन्हाळ्यात आपल्या गावी वारली. आता मान हलवून भागणार नाही.

लेखात त्या बाईला नावसुद्धा दिलेलं नाही. तिचं नाव मिलाग्रोस. आम्ही मिला म्हणायचो. लॅबमधल्या तरुण फिलिपिनो मुली तिला 'मनांग मिला' म्हणत. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला मनांग म्हणतात. मी सुपरवायझर झालो त्या दिवसापासून ती मला 'सर वसंत' म्हणायला लागली. आधी नुसतं वसंत म्हणायची. "सर कशाला?" म्हटलं तर म्हणाली, "आमच्याकडे खुर्ची बदलली की हाक बदलते. माणूस बदलला तर ते वेगळं कळतं." आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे ते मी मराठीत लिहितो आहे.

उंचीने पाच फुटांना थोडी कमी. केस मानेवर घट्ट बांधलेले, खिशात नेहमी दोन पेनं: एक काळं, एक लाल. बोट दाखवून तिने कधी कुणाला काही दाखवलं नाही. ओठ पुढे काढायचे आणि ज्या दिशेला ती वस्तू असेल तिकडे ते वळवायचे, ही तिची पद्धत. तिच्या देशात सगळेच असं करतात म्हणे. "सेंट्रिफ्यूज कुठला बिघडला?" विचारलं की ओठ डावीकडे. "फोन कुणी उचलला नाही?" की ओठ श्रीकांतकडे. हातात सतत नमुन्यांच्या नळ्या असणाऱ्या बाईला ही सवय फार सोयीची होती.

आणि दुपारी बारा वाजता, कितीही काम असो, एक प्रश्न: "आज डब्यात काय?" मी सांगायचो, पोळी, बटाट्याची भाजी. ती गंभीरपणे मान डोलवायची, जणू रिपोर्ट ऐकते आहे. तिच्याकडे 'कसं काय' विचारायचं असलं की 'जेवलास का' असंच विचारतात.

आता तिच्या लाल पेनाबद्दल, कारण हा लेख मी त्याच पद्धतीने लिहितो आहे. लॅबच्या वहीत चूक झाली तर खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही, पान फाडणं तर गुन्हाच. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा शब्द वाचता यावा. शेजारी बरोबर शब्द, आपली आद्याक्षरं, तारीख. हा नियम सगळ्याच लॅबमध्ये आहे. पण मिलाने तो जगण्याला लावला होता. कॅफेटेरियाच्या पाटीवर, वर्तमानपत्रात, कुणी सुट्टीहून आणून दिलेल्या माहितीपत्रकात, कुठेही चूक दिसली की खिशातून लाल पेन निघायचं. एक रेघ, बरोबर शब्द, आद्याक्षरं, तारीख. "चूक झाकायची नाही," ती म्हणायची. "चूक दिसली पाहिजे. ती कुणी सुधारली तेही दिसलं पाहिजे." मात्र एक पोटनियम होता. छापील कागद कुणीही सुधारावा; पण माणसाने हाताने केलेली नोंद ज्याने केली त्यानेच सुधारायची. दुसऱ्याच्या नोंदीला ती कधी हात लावत नसे.

आमचे एक पॅथॉलॉजिस्ट सहलीला तिच्या देशात जाऊन आले आणि कौतुकाने तिच्यासाठी एक रंगीत पुस्तिका घेऊन आले. नशिबाने तिच्याच प्रांताची, पांगासिनानची. उत्तरेकडचा समुद्रकाठचा प्रांत. मिला त्यातल्या बोलिनाव गावची. पुस्तिकेत गावातलं जुनं चर्च होतं, समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडांनी बांधलेलं. खाली लिहिलं होतं, 'हे स्पॅनिश धर्मगुरूंनी बांधले.' मिलाने उभ्या उभ्या लाल पेन काढलं. 'बांधले'वर रेघ. वर लिहिलं, 'बांधून घेतले'. आद्याक्षरं, तारीख. पुस्तिका डॉक्टरांना परत दिली.

डॉक्टर बिचारे चपापले. "मिला, ही तुला भेट आहे."

"म्हणूनच तपासली," ती म्हणाली. "डॉक्टर, धर्मगुरू किती असतील? चार? पाच? ते दगड ओहोटीला समुद्रातून कुणी उचलून आणले? ओला पोवळ्याचा दगड किती जड असतो तुम्हाला ठाऊक आहे? त्याची धार पायाला लागली तर जखम महिनाभर भरत नाही. त्या भिंतीत माझ्या गावच्या लोकांचे पाय आहेत. आणि नाव कुणाचं?"

पुढच्या पानावर टोकावरचं दीपगृह होतं. त्यावर मात्र तिने रेघ मारली नाही. ते पान कापून तिने आपल्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवलं. दार उघडलं की उंच पांढरा मनोरा, खाली हिरवं रान आणि मग समुद्र. तिचे आजोबा तिथे दिव्याच्या तेलाचे डबे पायऱ्यांवरून वर नेत असत. "पायऱ्या किती?" मी एकदा विचारलं. "त्यांचे गुडघे गेले, तेवढ्या," ती म्हणाली.

तिला राग यायचा, आणि तो खरा असायचा. तिच्या प्रांताला कुणी पाहिलंच नाही याचा. फिलिपिन्स म्हटलं की लोक विचारायचे, पांढऱ्या वाळूचं ते बेट का? किंवा तळलेले रोल आठवून म्हणायचे, अरे वा, एगरोल. ती म्हणायची, "माझ्या प्रांताच्या नावातच मीठ आहे. मीठ जिथे होतं ती जागा. आणि मला विचारतात, वाळू कशी आहे."

मिठावरूनच आमची ओळख झाली. मी नवा होतो. तिने एका चिमुकल्या नमुन्याच्या डबीतून जाड खडे काढून माझ्या तळहातावर एक ठेवला. "खा." मी जिभेवर ठेवला. मी शिरोड्याचा. आमच्याकडे मिठागरं. लहानपणी अनवाणी पायांनी त्या वाफ्यांच्या बांधांवरून फिरलेला. तो खडा विरघळताना मला तळपायाला चटका जाणवला. मी म्हटलं, "हे शेवटच्या काढणीचं आहे. पाऊस यायच्या आधीचं. थोडं कडू लागतं."

मिला माझ्याकडे बघतच राहिली. "तुझ्या गावाला मीठ होतं?"

"होतं."

"मग सुकी मासळीही असणार. मीठ आहे तिथे ती असतेच."

मी म्हटलं, "आमच्या घरी नाही. आम्ही शाकाहारी."

साफ खोटं. आमच्या घरी माळ्यावर जवळा, सोडे, बांगडे सगळं असायचं. पण माझं लग्न पुण्याच्या शाकाहारी घरात झालं होतं, आणि इथे आल्यावर मंडळात मी स्वतःची ओळख तशीच करून दिली होती. सोपं जायचं. कुणी विचारत नसे, कुणी नाक मुरडत नसे. मिलाने माझं उत्तर ऐकलं. तिचं नाक खोटं ओळखायचं असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी तिने माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं होतं.

नाकाबद्दल सांगायलाच हवं. श्रीकांतच्या लेखात ती बाई अशी आहे की जिला वासच कळत नाही, 'देव जिला नाक द्यायला विसरला'. इथे मी पहिली जाड रेघ मारतो. मिला जिवाणूंच्या विभागात होती. काचेच्या ताटल्यांवर रुग्णांचे नमुने वाढवायचे आणि काय उगवलं ते ओळखायचं. ताटली नाकाशी नेऊन हुंगायला सक्त मनाई, आणि ती कधी नेत नसे. पण इन्क्युबेटरचं दार उघडलं की उबेबरोबर वासाची एक लाट बाहेर येते. त्या लाटेत उभी राहून ती सांगायची, तिसऱ्या कप्प्यात द्राक्षं आहेत. एक जिवाणू असतो, त्याला द्राक्षांचा वास येतो. मशीन त्याचं नाव दुसऱ्या दिवशी सांगायचं.

एकदा वरच्या मजल्यावरून एक सर्जन फोनवर तिच्याशी वाद घालत होता. जखम चिघळत होती, त्याला औषध बदलावं की नाही ते ठरवायचं होतं. मिला म्हणाली, "डॉक्टर, मशीन तुम्हाला उद्या दुपारी नाव सांगेल. मी रिपोर्ट देत नाही, देऊ शकत नाही. फक्त सांगते. द्राक्षं." पलीकडून, "द्राक्षं?" "द्राक्षं." दुसऱ्या दिवशी मशीनने तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो सर्जन स्वतः द्राक्षांचा घोस घेऊन खाली आला. मिलाने एक तोंडात टाकलं. "आंबट आहेत. जिवाणू बरा होता."

तर त्या हॉस्पिटलला हे नाक हवं होतं. सकाळी त्या नाकाची तारीफ करायची आणि दुपारी त्या बाईच्या जेवणाला नाक दाबायचं. हे आम्ही सगळे करत होतो.

आता त्या दिवसाबद्दल. त्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये वारसा सप्ताह होता. शुक्रवारी खालच्या लॉबीत टेबलं लागायची, ज्याने त्याने आपल्या देशाचं काही मांडायचं. फिलिपिनो मंडळींना दर वर्षी एगरोल आणायला सांगत. त्या वर्षी मिलाने ठरवलं होतं, एगरोल नाही. आपला प्रांत मांडायचा. महिनाभर तयारी चालली होती. चर्चचा फोटो, दीपगृहाचा फोटो, मीठ, खाडीकाठच्या ताडीचं व्हिनेगर, केळीच्या पानात भाजलेली नारळ-तांदळाची पुरचुंडी, बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात. आणि मधोमध बागूंगची बरणी. बागूंग म्हणजे मिठात मुरवलेली बारीक मासळी. तिच्या किनाऱ्याची खासियत. ही बरणी तिने स्वतः तीन वर्षं मुरवली होती. झाकणाला मेण, वर टेप, टेपवर लॅबच्या शिस्तीचं लेबल: काय आहे, कधी भरलं, कुणी भरलं, शुक्रवारपूर्वी उघडू नये. बुधवारी तिने ती आमच्या ब्रेकरूमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवली. मला दाखवली. मी, सुपरवायझर म्हणून, हो म्हटलं.

त्याच दिवसांत माझी बायको सुलभा आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली होती. घरी मी एकटा. आणि मला जवळा खावासा वाटला. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत मिळाला असता, पण तिथे सुलभाच्या मैत्रिणी भेटतात. म्हणून मी जर्सी सिटीतल्या फिलिपिनो दुकानात गेलो. दुकानाचा पत्ता मिलानेच कधीतरी दिलेला. घरी येऊन कांदा, लसूण, आमसुलं, ओलं खोबरं घालून जवळा परतला. रात्री खाल्ला. उरलेला गुरुवारी डब्यात भरला. मनात म्हटलं, कुणाला काय कळतंय.

डबा लॅब वीकला, म्हणजे लॅबवाल्यांच्या कौतुकाच्या वार्षिक आठवड्यात, सगळ्यांना वाटलेला होता, निळ्या झाकणाचा. लॅबमध्ये तसे चाळीस डबे असतील. मी तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, चुकून जास्त मिनिटं लावली, आणि तेवढ्यात वरून फोन आला म्हणून माझ्या खोलीत गेलो. परत आलो तेव्हा ब्रेकरूमच्या दारात गर्दी. कुणीतरी खिडकी उघडत होतं. माझा डबा कुणीतरी न बघता कचऱ्यात टाकून दिला होता. आमची मॅनेजर डेब्रा नाकावर रुमाल धरून उभी होती. आणि श्रीकांतने फ्रिज उघडून मिलाची बरणी बाहेर काढली.

"हे बघा. हे काय आहे ते. फिश." तो मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "काका, नशीब आपलं नाव नाही आलं या वेळी."

हे वाक्य त्याच्या लेखात नाही. पण ते खरं वाक्य होतं. आमच्या फोडणीच्या वासावरून, हिंगावरून त्या खोलीत किती टोमणे झाले होते. त्या दिवशी वास दुसऱ्याच्या नावावर लागला आणि आम्हा देशी लोकांना हायसं वाटलं. मला सगळ्यात जास्त.

मिला आत आली. दारातच थांबली. तिने फक्त एकदा श्वास घेतला. मासळी मुरवल्याचा वास आणि आमसुलात परतलेल्या जवळ्याचा वास यात तिला फरक कळला नसेल असं कुणी म्हणत असेल तर त्याने मागचं द्राक्षांचं पुन्हा वाचावं. तिने गर्दीवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

डेब्रा म्हणाली, "मिला, हे तुझं आहे का?"

मिलाचे ओठ पुढे आले. मी पाहिलं. माझ्या दिशेला वळणार, एवढ्यात थांबले. ती माझी वाट बघत होती. मला बोलायला पुरेसा वेळ होता, हे मी शपथेवर सांगतो. मी जमिनीकडे बघितलं.

ओठ मागे गेले. ती म्हणाली, "बरणी माझी आहे. पण ती बंद आहे. मेण बघा."

कुणी मेण बघितलं नाही. डेब्रा म्हणाली, "वसंत, प्लीज, तू हे बघ." मी ती बरणी उचलली. झाकण घट्ट होतं, मेण अखंड होतं, हे माझ्या हाताला कळत होतं. मी ती लाल पिशवीत टाकली. लाल पिशवी म्हणजे संसर्गजन्य कचऱ्याची, जी जाळायला जाते. साध्या कचऱ्यात टाकली असती तर तिला ती परत काढून मेण दाखवता आलं असतं, म्हणून लाल पिशवीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेब्राने मला समजपत्र लिहायला लावलं. मी लिहिलं. ती म्हणाली, "एकदाच झालं म्हटलं तर एचआर घेणार नाही." म्हणून मी एक शब्द घातला: वारंवार. 'वारंवार सूचना देऊनही.' एकही सूचना कधी दिली नव्हती. तिने एकदाही कामावर ती बरणी उघडली नव्हती. मुख्य टेक्नॉलॉजिस्टची जागा तेव्हा रिकामी होणार होती आणि ती मिलाला मिळणार हे सगळ्या लॅबने गृहीत धरलं होतं. फाइलीत समजपत्र असलं की वर्षभर बढती नाही. हेही मला ठाऊक होतं.

तिने ते पत्र माझ्यासमोर दोनदा वाचलं. खिशातल्या लाल पेनाकडे हात गेला. थांबला.

"सर वसंत, ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"बरं. मग मी हात लावत नाही." काळ्या पेनाने सही केली आणि गेली. मला तेव्हा वाटलं, सुटलो.

त्याच शुक्रवारी दुपारी लॉबीत तिचं टेबल लागलं. चर्च, दीपगृह, मीठ, व्हिनेगर, केळीच्या पानातल्या पुरचुंड्या, बांबूच्या नळ्या. मधोमध बरणीएवढी गोल जागा रिकामी. तिच्यापुढे लेबल: बागूंग, तीन वर्षं. डेब्रा येऊन म्हणाली, "अरे, एगरोल नाहीत?" लोक त्या रिकाम्या जागेकडे बघायचे आणि पुढच्या टेबलाकडे जायचे. मिला दोन तास ताठ उभी राहिली. कुणी विचारलं, "इथे काय होतं?" तर सांगायची, कसं करतात, किती मीठ, किती मासळी, कुठले मातीचे रांजण, कसे गावभर उन्हात ठेवतात. समजपत्राबद्दल एक अक्षर नाही. मी लिफ्टशी उभा राहून हे पाहिलं. टेबलापाशी गेलो नाही.

मुख्य टेक्नॉलॉजिस्टची जागा तिनेच शिकवलेल्या एका तरुणाला मिळाली. मिला त्याच बाकावर आणखी नऊ वर्षं काम करून निवृत्त झाली. लेखात 'बाईला धडा मिळाला' असं म्हटलं आहे. धडा कसला? त्या नऊ वर्षांत ती माझ्याशी कधी उद्धट बोलली नाही, कामात कसर केली नाही. फक्त दुपारी बारा वाजता माझ्या डब्यात काय आहे हे तिने पुन्हा विचारलं नाही. मला कळलं की तिला कळलं आहे. तरी मी गप्प राहिलो. पोळी, बटाट्याची भाजी.

मीही निवृत्त झालो. चार वर्षांपूर्वी कळलं, मिला कायमची गावी परत जाते आहे. मी फोन केला. येऊ का, विचारलं.

"ये. पण जेवायला ये." मग म्हणाली, "डब्यात काय आणशील?"

इतक्या वर्षांनी तो प्रश्न. मी म्हटलं, "जवळा."

"बरं," ती म्हणाली.

जर्सी सिटीत तिसऱ्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं घर. मधोमध मोठमोठी खोकी, गावी पाठवायची. साबण, कॉफी, चादरी, कुणाकुणाचे बूट. मला बसायलाही न सांगता तिने चिकटपट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर." तीन खोकी बंद झाल्यावर मी म्हटलं, "मिला, तो डबा माझा होता."

"ठाऊक आहे."

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

आता तिला राग आला. इतक्या वर्षांचा होता तो, आणि ती ओरडली नाही. "मी का बोलायचं? डबा माझा होता का? मी बोलले असते तर काय झालं असतं ठाऊक आहे? फिलिपिनो बाई इंडियन साहेबावर ढकलते. मग दोघांचीही मजा बघितली असती सगळ्यांनी. तू मिठागरावर वाढलास. मला वाटलं, हा माणूस आज नाही तर उद्या बोलेल. सोमवारी बोलेल. मग वाटलं, वर्ष संपायच्या आत. मी नऊ वर्षं त्या बाकावर बसले, सर वसंत. तू रोज माझ्यासमोरून जायचास."

तिने टेबलाच्या खणातून एक घडी घातलेला कागद काढला. समजपत्राची तिची प्रत. पिवळी पडलेली, त्यावर एकही खूण नाही. खिशातलं लाल पेन काढून शेजारी ठेवलं. ज्याने नोंद केली त्याने.

मी 'वारंवार'वर रेघ मारली. मग 'सूचना देऊनही'वर. मग एकेका ओळीवर करत सगळ्या पत्रावर. खाली लिहिलं, 'वास माझ्या डब्याचा होता. बरणी बंद होती. ती मी फेकली.' आद्याक्षरं, तारीख. तिने चष्मा लावून वाचलं, जसा कुणाचाही रिपोर्ट वाचायची तसा, आणि घडी घालून मला दिलं. "आता हे जिथे लावायचं तिथे लाव."

मी ते हॉस्पिटलला पाठवलं. तोवर हॉस्पिटल दोनदा विकलं गेलं होतं. एका सभ्य पत्राने कळवलं की एवढ्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या फाइली नष्ट केल्या आहेत. म्हणजे समजपत्र उरलं नाही. उरली फक्त श्रीकांतची गोष्ट. आणि तिच्यावर रेघ मारायला मला आणखी चार वर्षं आणि मिलाचं मरण लागलं. या उशिराला माझ्याकडे कारण नाही. लोक हसत होते आणि मला मंडळात बसायचं होतं, एवढंच.

काल सुलभाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तेव्हा मी पुण्याहून परत आले तर पडद्यांना वास होता. म्हटलं, सांगशील कधीतरी." मग म्हणाली, "श्रीकांतला आधी फोन कर. त्याला छापलेलं बघून कळायला नको." केला. तो म्हणाला, "काका, जाऊ द्या ना यार, जोक होता." मी म्हटलं, माझा लेख पुढच्या अंकात त्याच पानावर छापायचा. बघू.

पत्रावर रेघा मारल्या त्या दिवशी मिलाकडे मी जवळा गरम केला. तिने भात केला होता, आणि एका नव्या बरणीतलं बागूंग वाटीत काढलं होतं. मायक्रोवेव्ह फिरायला लागला तशी ती उठली, घराचं दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून खाली मिठाची पिशवी लावली. मी म्हटलं, "मिला, कॉरिडॉरभर वास जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि येऊन बसली.

आम्ही चार घास खाल्ले असतील. समोरच्या घराचं दार उघडलं. काठी टेकत एक म्हातारी गोरी बाई आली, उंबऱ्याशी थांबली. नाक आक्रसलेलं. "मिला, डिअर, हा वास कसला आहे? तुझा आहे का?"

मिलाच्या तोंडात घास होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिचे ओठ पुढे आले आणि या वेळी थांबले नाहीत. सावकाश वळले आणि माझ्यावर येऊन राहिले.

मी खुर्चीवरून उठलो. म्हटलं, "माझा आहे. सुकी कोळंबी. माझ्या गावची पद्धत."

ती बाई अजून उंबऱ्यातच उभी होती. मिला केव्हाच उठून फळीवरची तिसरी ताटली काढत होती.